जुन्या संगणकाचा खोळंबा नेमका कुठे होतो?

बारा-चौदा वर्षांपूर्वी घरोघरी, शाळांच्या संगणक कक्षांत, हिशेबनिसांच्या कचेऱ्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत जे असेंबल्ड डेस्कटॉप आले, त्यांत एक ठरावीक जुळणी सर्रास दिसे. इंटेलच्या एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा आय ३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. यातले पुष्कळ संगणक आजही चालू आहेत, पण त्यांच्यापुढे बसणारा माणूस वैतागलेला असतो. बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत काही मिनिटे जातात, ब्राउझर उघडायला वेळ लागतो, मध्येच सगळे हँग होते. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'फॉरमॅट मारून घ्या'. दुसरा, 'आता नवीनच घ्या'. हे दोन्ही सल्ले निदान न करता दिलेली औषधे आहेत, असे माझे म्हणणे आहे. या संगणकांतील बहुतेक भाग आजही रोजच्या कामाला पुरेसे आहेत. त्यातला एकच भाग, म्हणजे हार्ड डिस्क, बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवतो. तेवढा बदलून त्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, बसवली की संगणक पुन्हा कामाचा होतो. हे का होते आणि कुठे होत नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच हिशेबातून मिळतात.

निदान करण्यासाठी कोणाला बोलवावे लागत नाही. विंडोज १० असलेला असा संगणक सुरू केल्याबरोबर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांचे आलेख वेगवेगळे दिसतात. जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकात इथले चित्र बहुधा ठरलेले असते. प्रोसेसरचा आलेख खालच्या पट्ट्यात रेंगाळतो आणि डिस्कचा आलेख १०० टक्क्यांना चिकटून बसतो. पण त्याच खिडकीत खाली पाहिले, तर डिस्क सेकंदाला एक-दोन एमबीच माहिती वाचत असल्याचे दिसते. एखादा मोठा चित्रपट कॉपी करताना हीच डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास सहज जाते. म्हणजे डिस्क पूर्ण वेळ राबते आहे, तरी तिच्या हातून कुवतीच्या शंभरांश काम होत आहे. बाकीचा वेळ जातो कुठे, हा खरा प्रश्न आहे.

तो वेळ जातो हालचालीत. हार्ड डिस्कमध्ये फिरणाऱ्या तबकड्या असतात आणि त्यांच्यावरून सरकणारा, टोकाला वाचनशीर्ष असलेला दांडा असतो. डेस्कटॉपमधील नेहमीची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती नेमकी शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडे जास्त. त्याआधी दांड्याला योग्य वर्तुळावर जाऊन स्थिर व्हावे लागते. त्यात आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. बेरीज साधारण साडेबारा मिलिसेकंद. याचा अर्थ वेगवेगळ्या जागी विखुरलेले तुकडे वाचायचे असतील, तर ही डिस्क सेकंदाला ८० तुकडे वाचू शकते. प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरला, तर सेकंदाला ३२० केबी होतात. ग्रंथालयात बसून एकच ग्रंथ सलग वाचणे आणि शंभर कपाटांतील शंभर ग्रंथांची एकेक ओळ वाचणे, यांत जो फरक आहे तोच इथे आहे. चित्रपट कॉपी करणे हे पहिल्या प्रकारचे काम, आणि विंडोज सुरू होणे हे दुसऱ्या प्रकारचे. प्रोसेसरच्या बाजूने पाहिले तर हा खोळंबा फारच मोठा आहे. आय ३-२१०० हा २०११ चा प्रोसेसर ३.१ गिगाहर्ट्झवर चालतो. डिस्कच्या साडेबारा मिलिसेकंदांत त्याच्या एका गाभ्याची पावणेचार कोटींहून अधिक आवर्तने होऊन जातात. एवढा वेळ त्याला एका लहानशा तुकड्याची वाट पाहावी लागते.

ही उणीव कोणा एका कंपनीच्या हलगर्जीपणातून आलेली नाही, ती फिरत्या तबकडीच्या स्वभावातच आहे. आयबीएमने १९५६ साली जगातील पहिली व्यावसायिक हार्ड डिस्क आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत, आणि सगळी मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. हवी ती नोंद गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. त्या तुलनेत ५०० जीबीच्या डिस्कची साठवण जवळपास एक लाख पट आहे, पण नोंद गाठण्याचा वेळ जेमतेम पन्नास पटींनी कमी झाला आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी पहिली डिस्क सीगेटने १९९२ साली आणली, आणि डेस्कटॉपसाठी तोच वेग पुढे कायमचा रूढ झाला. दहा हजार आणि पंधरा हजार फेऱ्यांच्या डिस्कही निघाल्या, पण त्यांची किंमत, उष्णता आणि आवाज घरगुती वापराला मानवणारे नव्हते. शिवाय पंधरा हजार फेऱ्यांनाही अर्ध्या फेऱ्याचे २ मिलिसेकंद चुकत नाहीतच. तबकड्यांवर माहिती अधिकाधिक दाटीने लिहिता आली, पण धातूचा दांडा हलवणे आणि तबकडी फिरवणे यांच्या मर्यादा ओलांडता आल्या नाहीत.

संगणक 'हळूहळू स्लो झाला' असे आपण म्हणतो, त्याचे उत्तरही इथेच आहे. दहा वर्षांत प्रोसेसरचा वेग घटत नाही, आणि धडधाकट असलेल्या डिस्कचाही फारसा घटत नाही. वाढते ती मागणी. विंडोजचे अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी, फाइलींची सूची तयार करणारी सेवा, प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतःहून सुरू केलेला मदतनीस, हे सगळे एकाच वेळी डिस्ककडे लहान-लहान तुकडे मागत असतात. फाइली वारंवार बदलल्याने त्यांचे भागही डिस्कभर विखुरतात. फॉरमॅट मारल्यावर ही गर्दी कमी होते, फाइली पुन्हा जवळजवळ लिहिल्या जातात आणि संगणक चार दिवस हलका वाटतो. म्हणून त्या सल्ल्यात काहीच तथ्य नाही असे नाही. पण रोजचे प्रोग्रॅम पुन्हा टाकले आणि अपडेट उतरले, की मागणी पूर्वपदावर येते. सेकंदाला ८० तुकड्यांची मर्यादा तर कधी हललेलीच नसते.

एसएसडीमध्ये हलणारा भागच नाही. तिच्यातील नँड फ्लॅश स्मृतीचे मूळ जपानमध्ये तोशिबा कंपनीत आहे. फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृतीची कल्पना १९८४ साली मांडली आणि १९८७ साली नँड प्रकार पुढे आला. सिलिकॉनच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार अडकवून माहिती साठवायची आणि वीज गेली तरी ती टिकवायची, हे तिचे तत्त्व. इथे एका तुकड्यापासून दुसऱ्याकडे जायला काही सरकवावे लागत नाही, त्यामुळे माहिती जवळ आहे की लांब हा प्रश्नच उरत नाही. सर्वसाधारण एसएसडी विखुरलेला तुकडा सुमारे ०.१ मिलिसेकंदात हाती देते. मग ते डेस्कटॉप विकतानाच त्यांत एसएसडी का नव्हती? कारण किंमत. इंटेलने २००८ साली आणलेल्या ८० जीबीच्या एक्स २५-एम या एसएसडीचा घाऊक दर ५९५ डॉलर होता. आज २४० किंवा ५०० जीबीची एसएसडी नव्या संगणकाच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात येते. जुना डेस्कटॉप तयार झाला तेव्हा जो भाग परवडत नव्हता, तो आता परवडतो.

आता मुख्य हिशेब मांडू. समजा संगणक सुरू होऊन ब्राउझर उघडेपर्यंत विखुरलेले १०,००० तुकडे वाचावे लागतात आणि प्रोसेसरचे स्वतःचे काम २० सेकंदांचे आहे. प्रत्यक्षात ही दोन कामे काही अंशी एकमेकांबरोबर चालतात आणि डिस्क मागण्यांचा क्रम सोयीने लावून घेते, तरी ढोबळ अंदाजाला हे आकडे पुरेसे आहेत. हार्ड डिस्कवर वाचनाला १२५ सेकंद लागतील, एकूण १४५. एसएसडीवर वाचनाला १ सेकंद लागेल, एकूण २१. म्हणजे काम सुमारे सात पटींनी जलद. आता उलट करून पाहू. डिस्क तीच ठेवली आणि दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला, तर २० चे १० सेकंद होतील आणि एकूण वेळ १३५ सेकंद राहील. खर्च मोठा करूनही फरक फारसा जाणवणार नाही. संगणकशास्त्रज्ञ जीन ॲम्डाल यांनी १९६७ साली हाच विचार मांडला होता: एखादा भाग कितीही जलद केला, तरी एकूण कामातला त्याचा वाटा जेवढा, तेवढाच फायदा होतो. वाचन १०० हून अधिक पटींनी जलद झाले तरी काम सातच पटींनी जलद का झाले, याचे उत्तर या नियमात आहे. आणि पैसे आधी कुठे घालावेत, याचेही.

या हिशेबावर पहिला आक्षेप जाणकारच घेतात. एच ६१ मदरबोर्डवरची साटा जोडणी सेकंदाला ३ गिगाबिटची, म्हणजे जास्तीत जास्त ३०० एमबीची असते. एसएसडी ५५० एमबीपर्यंत जाऊ शकते. निम्मा वेग वाया जाणार असेल तर ती बसवून काय मिळवले? वाया जातो हे खरे, पण कोणता वेग वाया जातो हे पाहायला हवे. ५५० एमबीचा आकडा मोठ्या फाइलीच्या सलग वाचनाचा आहे. विखुरलेले ४ केबीचे तुकडे एकामागून एक वाचताना एसएसडी सेकंदाला दहा हजार तुकड्यांच्या आसपास जाते, म्हणजे सुमारे ४० एमबी. तेवढ्याला ३०० एमबीची वाट पुरून उरते. नव्या संगणकांत मिळणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीलाही हेच लागू आहे. तिचा सलग वाचनाचा वेग ३,००० एमबीच्या पुढे जातो, पण आपल्या हिशेबातील वाचनाचा वाटा आता एका सेकंदाचाच उरला आहे. तो शून्यावर आणला तरी २१ चे २० होतील. एच ६१ वर तिच्यासाठी लागणारा एम.२ स्लॉटही नसतो. त्यामुळे अशा संगणकासाठी अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी आणि वेष्टनावरच्या मोठ्या आकड्यांच्या मोहात पडू नये.

दुसरा आक्षेप झिजेचा. फ्लॅशच्या कप्प्यात लिहिताना आणि पुसताना त्याभोवतीचा निरोधक थर थोडाथोडा खराब होतो, त्यामुळे एसएसडीला लेखनाची मर्यादा असते, हे अगदी खरे. शिवाय फ्लॅशमध्ये लिहिता येते लहान पानांवर, पण पुसावा लागतो पानांचा अख्खा गठ्ठा. म्हणून एसएसडीतील नियंत्रक झीज सगळीकडे सारखी वाटतो, आणि पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे विंडोज त्याला ट्रिम या आज्ञेने कळवते. ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे, एक्सपीत नाही. मर्यादा किती, हे उत्पादक स्वतःच जाहीर करतात. किंग्स्टनच्या ए ४०० या साध्या, २४० जीबीच्या एसएसडीला ८० टीबी लेखनाची हमी आहे, आणि सॅमसंगच्या ८७० इव्हो या ५०० जीबीच्या एसएसडीला ३०० टीबीची. घरी किंवा कचेरीत रोज २० जीबी लिहिले जाते असे सढळ हाताने धरले, तरी पहिलीला ११ वर्षे लागतील आणि दुसरीला ४१. दिवसरात्र सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या संगणकाचा हिशेब वेगळा होईल. तिथे हार्ड डिस्कच योग्य. पण पत्रे, हिशेब, वर्ग आणि इंटरनेट यांसाठी झिजेची भीती निराधार आहे.

तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा कुरकुरते, टकटक आवाज करते, फाइली उघडायला अडखळते. एसएसडी मात्र काही पूर्वसूचना न देता एकाएकी बंद पडू शकते, आणि ट्रिममुळे चुकून पुसलेली फाइल तिच्यातून परत मिळवणेही अवघड असते. याला उत्तर एकच, बॅकअप. आणि तो हार्ड डिस्क असली तरी लागतोच, कारण कुरकुरणाऱ्या डिस्ककडे दुर्लक्ष करून वर्षांचे फोटो गमावणारे काही कमी नसतात. डेस्कटॉपची सोय अशी, की त्यात दोन्ही एकत्र नांदू शकतात. विंडोज आणि प्रोग्रॅम एसएसडीवर ठेवावेत, आणि जुनी डिस्क तपासणीत निरोगी ठरली तर फोटो, चित्रफिती आणि बॅकअपच्या प्रतींसाठी ठेवावी. ही कामे सलग वाचन-लेखनाची, म्हणजे हार्ड डिस्कला जमणारीच आहेत. त्यामुळे 'एवढ्या लहान एसएसडीत मावणार कसे?' हा प्रश्नही सुटतो. कपाटात वर्षानुवर्षे बंद ठेवायच्या साठवणीसाठी मात्र एसएसडी वापरू नये. जेडेक या संस्थेचे घरगुती एसएसडीसाठीचे मानक असे, की लेखनाची मर्यादा संपल्यावर ती विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवेल. उन्हाळ्यात आपल्याकडचे तापमान त्याहून कितीतरी वर जाते.

एसएसडी काय करू शकत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कऐवजी प्रोसेसरच १०० टक्क्यांवर असेल, तर खोळंबा तिथे आहे. चित्रफितींचे संकलन, त्रिमिती आरेखन, नवे गेम ही कामे अशीच आहेत आणि त्यांना एसएसडीने मोठा फरक पडत नाही. रॅम अपुरी असेल, तर विंडोज जागेअभावी डिस्कचाच रॅमसारखा वापर करते. एसएसडीमुळे ते सुसह्य होते, पण फ्लॅशचा ०.१ मिलिसेकंद हा वेळदेखील रॅमच्या तुलनेत सुमारे हजार पट मोठा आहे. म्हणून २ किंवा ४ जीबी रॅम असेल तर जोडीने ती ८ जीबी करावी. एच ६१ वर डीडीआर ३ प्रकारची रॅम लागते आणि दोन स्लॉट मिळून १६ जीबीपर्यंत चालते. या दोन बदलांनंतर संगणकाचा उरलेला वेग हा प्रोसेसरचा खरा वेग असतो. तो पुरत नसेल, तरच नव्या संगणकाचा विचार करावा.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगाचा नाहीच. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत दिली. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० आणि इंटेलचा असेल तर ठरावीक प्रोसेसर, साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे, लागतात. दुसऱ्या पिढीचा आय ३ त्यात बसत नाही, आणि एसएसडी बसवल्याने हे बदलत नाही. म्हणून इथे कामानुसार निर्णय घ्यावा लागतो. इंटरनेट, ईमेल, लेखन, ऑनलाइन अर्ज आणि शाळेचा अभ्यास एवढीच गरज असेल, तर उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांसारखी मोफत प्रणाली टाकावी. तिला अपडेट मिळत राहतात, युनिकोड मराठी उत्तम चालते आणि एसएसडीवर ती झटकन सुरू होते. पण श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या मराठी सॉफ्टवेअरवर ज्यांचे डीटीपीचे काम बेतलेले आहे किंवा ज्यांचे हिशेब टॅलीत आहेत, त्यांना विंडोज सोडणे सोपे नाही. त्यांनी असा संगणक इंटरनेटपासून तोडून त्या एका कामापुरता ठेवावा आणि बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. तेही जमत नसेल, तर नवा संगणक घेणेच शहाणपणाचे. तशा वेळीही एसएसडीचा खर्च बुडत नाही. तीच साटा एसएसडी बहुतेक नव्या डेस्कटॉपमध्ये जोडता येते.

बसवणे अवघड नाही, मात्र क्रम पाळावा. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढावी. बायोसमध्ये साटाचा प्रकार एएचसीआय करून मगच विंडोज टाकावे. आधीच टाकलेल्या विंडोजखालून हा प्रकार बदलला, तर सुरू होताना निळा पडदा येऊ शकतो. एसएसडीला एसएमपीएसची रुंद साटा पिन आणि मदरबोर्डची अरुंद केबल, अशा दोनच जोडण्या लागतात. कॅबिनेटमधील साडेतीन इंची जागेसाठी स्वस्त पट्टी मिळते. विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी, नाहीतर सुरुवातीची नोंद जुन्या डिस्कवरच लिहिली जाते आणि पुढे ती डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही. जुन्या विंडोजची जशीच्या तशी प्रत एसएसडीवर उतरवता येते, पण वर्षांची अडगळ सोबत येते. शक्य असेल तर सगळे नव्याने टाकणेच बरे.

हा आग्रह केवळ पैसे वाचवण्यासाठी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. ज्या डेस्कटॉपचा प्रोसेसर, मदरबोर्ड, कॅबिनेट आणि पडदा धडधाकट आहेत, तो एका संथ भागापायी त्या ढिगात टाकणे हा अपव्यय आहे. एखाद्या शाळेच्या संगणक कक्षात असे वीस संगणक असतील, तर ते मोडीत काढण्याआधी त्यातल्या एकात एसएसडी बसवावी आणि मुलांचे काम त्यावर भागते का, हे पाहावे. भागले, तर नव्या संगणकांवर जाणारी बरीचशी रक्कम शिक्षकांच्या प्रशिक्षणावर, इंटरनेटवर किंवा पुस्तकांवर खर्च करता येईल. नाही भागले, तर नवी खरेदी कशासाठी हवी हे तरी नेमके कळेल. संगणक बदलायचा की त्यातला एक भाग, हे त्याच्या वयावर ठरवू नये. तो कशाची वाट पाहत थांबतो हे आधी मोजावे, आणि पैसे तिथेच घालावेत.